रंग न दिलेली जागा

"आणि हे पांढरं आहे ते आपलं, बरोबर ना?" म्हाताऱ्या गुंतवणूकदाराने पडद्याकडे बोट करून विचारलं आणि टेबलाभोवतीची सगळी मंडळी समाधानाने हसली. त्या क्षणी टेबलाच्या टोकाला बसलेल्या शास्त्रज्ञाच्या तोंडात चीजचा एक तुकडा होता. तो गिळवेना आणि चारचौघांत थुंकवेना. पडद्यावर नकाशा होता, त्यानेच केलेला. समुद्र वर चढत जाईल आणि पाऊस एकदम कोसळेल तेव्हा खाडीकाठच्या या शहरात कुठे किती पाणी भरेल, ते त्यात दाखवलं होतं. थोडं पाणी तिथे फिकट निळा, जास्त तिथे गडद, फारच जास्त तिथे जवळजवळ काळा. तिन्ही बाजूंनी गडद निळ्याने वेढलेला मधला एक तुकडा तेवढा पांढरा होता, आणि तो पांढरा का, हे त्या खोलीत एकट्या त्याला माहीत होतं. तिथे पूर्वी मिठागरं होती. ती बुजवताना पाण्याची पातळी मोजायचं यंत्र कुणीतरी उपटून नेलं, भराव टाकून टाकून जमिनीची उंची सारखी बदलत राहिली, आणि जिथली नोंदच नाही तिथे रंग द्यायचा नाही, ही त्याच्या धंद्यातली रीत. पांढरं म्हणजे कोरडं नव्हे, आम्ही मोजलेलं नाही एवढंच. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात तसा एक पांढरा चौकोन होता आणि त्यापुढे 'नोंद नाही' असं लिहिलेलं होतं. अहवाल सजवणाऱ्या बाईंनी तो कापून टाकला होता, खालची कडा गचाळ दिसते म्हणून. त्याने चीज कसंबसं गालात सरकवलं आणि म्हणाला, "तिथली माहिती अपुरी आहे." "म्हणजेच," फंडाचा प्रमुख लगेच म्हणाला, "तिथे धोक्याचा कोणताही पुरावा नाही." मंडळींनी माना डोलावल्या. पुढचं चित्र आलं. पांढऱ्या तुकड्यात उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींचं, हिरवळीचं आणि गच्चीवरच्या सौर पॅनेलांचं. डावीकडून दुसरी इमारत, तळमजला, कोपऱ्यातली खिडकी. ती ताईची खिडकी होती.

ताईचं घर तिथे आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. सामान हलवलं त्या दिवशी भाऊजींच्या आईची खाट त्यानेच एका बाजूने उचलली होती. दारातून खाट आडवी करून आत घेताना त्याला जाणवलं होतं, की आपण नोंद नसलेल्या भागात उभे आहोत. जाणवलं होतं म्हणजे एखाद्याला रस्त्याने जाताना जुन्या पाटीवरचं अक्षर वाचता यावं तसं, वाचलं आणि पुढे गेला. नोंद नाही, तर बोलायचं काय? घर छान आहे, उजेड छान आहे, असं तो बोलला होता आणि चहा पिऊन परत आला होता. आता त्या मऊ खुर्चीत बसून त्याला स्वतःच्या त्या वाक्याची शिसारी आली. खोलीत गालिच्याचा ओलसर, कुत्र्याच्या अंगासारखा वास होता आणि त्यावर लिंबाचा सुगंध फवारलेला होता. समोरच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या वेली लावून त्यात 'जबाबदार गुंतवणूक' अशी अक्षरं कोरली होती, आणि त्या हिरव्या पानांवर बोट फिरवलं तर चिकट धूळ हाताला लागते हे त्याला ठाऊक होतं. इथे पहिल्यांदा आला तेव्हा त्याने भाबडेपणाने खरंच बोट फिरवून पाहिलं होतं. किती हरखून आला होता तेव्हा! वर्षानुवर्षं खाडीच्या चिखलात गुडघाभर उभं राहून त्याने आकडे गोळा केले, निबंध लिहिले, ते त्याच्यासारख्याच चार चिखलात उभ्या राहणाऱ्यांनी वाचले आणि बाकी जग आपल्या नादात राहिलं. मग या लोकांनी त्याला बोलावलं. ते त्याचं लिखाण वाचून आले होते. ते तंबाखूत पैसे घालत नव्हते, बंदुकांत घालत नव्हते, कोळशात घालत नव्हते. पथ्याच्या माणसाने ताटातलं एकेक बाजूला सारावं तसं सगळं बाजूला सारून, उरलेलं चवीने खात होते. शिक्षकांचे, परिचारिकांचे निवृत्तीचे पैसे त्यांच्याकडे होते. तुमच्या संशोधनामुळे हे पैसे योग्य जागी जातील, असं प्रमुख त्याला म्हणाला होता, आणि त्या रात्री त्याला आनंदाने झोप लागली नव्हती. पैसे योग्य जागी गेले होते खरे. निळ्यातून निघाले आणि पांढऱ्यात जाऊन बसले.

प्रमुखाला तो मनातल्या मनात लोणी म्हणायचा. आवाज तसा, हात तसे, आणि पकडायला गेलं की बोटांतून निसटायचा. बैठक संपल्यावर त्याने लोण्याला मधल्या मार्गिकेत गाठलं.

"तो पांढरा भाग," तो म्हणाला.

"छान उठून दिसतो, नाही?"

"तिथे आपण मोजलेलंच नाही."

"तुम्ही सांगितलंत की आत. माहिती अपुरी. मी स्वतः ऐकलं."

"पण तुम्ही धोका नाही म्हणालात."

"मी पुरावा नाही म्हणालो." लोण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही शास्त्रज्ञ आहात. तुम्हीच सांगा, आहे पुरावा?"

"पुरावा नाही. अंदाज आहे. तिन्ही बाजूंना..."

"अंदाजावर आम्ही लोकांच्या म्हातारपणाचे पैसे लावत नाही हो," लोणी म्हणाला, आणि हे बोलताना तो जराही हसला नाही. "आम्ही जबाबदार लोक आहोत. तुम्ही मोजा, आम्ही पुढच्या आवृत्तीत घालू." खांद्यावरचा हात निघाला, पण शर्टाच्या कापडावर त्याची ऊब तशीच राहिली. स्वच्छतागृहात जाऊन त्याने चीज कागदी रुमालात थुंकलं. इतका वेळ गालात राहून ते कोमट, पिठूळ झालं होतं. तोंड धुतलं, चूळ भरली, तरी चव जाईना. आरशात एक बऱ्यापैकी कपडे केलेला, थोडं पोट सुटलेला माणूस उभा होता आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर रागाचं नावही नव्हतं. नेहमीची सभ्य शंका तेवढी होती. त्याला तो चेहरा पुसून टाकावासा वाटला. लोण्याने खोटं काय सांगितलं? एक शब्दही खोटा नव्हता. त्याने स्वतःही खोटं सांगितलं नव्हतं. दोघांनी मिळून अगदी खरं खरं बोलून एक लबाडी करून ठेवली होती.

रस्त्यावर आल्यावरही ती चव त्याच्याबरोबर चालत राहिली. फुटपाथवर उन्हाने डांबर मऊ झालं होतं आणि बुटांचे तळवे किंचित चिकटून सुटत होते. त्याला त्याचे सर आठवले, ज्यांच्या हाताखाली तो शिकला. उंच, काटक, नखं कायम खडूने पांढरी. माहीत नसेल तिथे गप्प राहायचं, सर म्हणायचे, तेवढं जमलं तरी पुष्कळ. एकदा बरोबरच्या एका विद्यार्थ्याने नकाशातल्या मोकळ्या जागा आजूबाजूचे आकडे बघून अंदाजाने भरल्या होत्या. सरांनी तो कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडला होता आणि बिचाऱ्याचे कान लाल झाले होते. तो स्वतः तेव्हा मागच्या बाकावर बसून हसला होता. आपल्या नकाशातल्या कोऱ्या जागा त्याला दागिन्यांसारख्या वाटायच्या. बघा, किती प्रामाणिक आहोत आम्ही, किती ठिकाणी आम्हाला माहीत नाही! त्या फाडलेल्या कागदाच्या मालकाचं पुढे काय झालं कोण जाणे. त्याच्या अंदाजाच्या फिकट निळ्या रंगात लोक निदान राहायला तरी गेले नसते. हा विचार मनात आला आणि त्याला सरांचाही वीट आला, त्या पांढऱ्या नखांसकट. मग सरांचा वीट आला म्हणून स्वतःची लाज वाटली, कारण सर गेले तेव्हा तो खरंच रडला होता. लहानपणी त्याला वर्गात उत्तर येत असलं तरी देता येत नसे. तो तोंडातल्या तोंडात गुणगुणत राही, म्हणून ताईने त्याचं नाव भुंग्या ठेवलं होतं. संध्याकाळी ती त्याला भिंतीला पाठ लावून उभा करी आणि स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणे, "मला इथे ऐकू आलं पाहिजे." आठला नऊने गुणून तो ओरडायचा. ताई म्हणायची, अजून मोठ्याने. सर भेटेपर्यंत तो असा ओरडत होता. सरांनी त्याला पुन्हा हळू बोलायला शिकवलं आणि त्याला ते किती सुखाचं वाटलं होतं!

एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्याने ताईला फोन लावला.

"ते घर घेताना मला का नाही विचारलंस?"

"अरे, विचारायचं काय?" ताई हसली. "बिल्डरच्या ऑफिसात भिंतीवर तुझा नकाशा लावलाय, चांगला फ्रेम करून. खाली तुझं नाव. मी तिथल्या मुलीला म्हटलं, हा माझा सख्खा भाऊ. तिने मला लगेच कॉफी आणून दिली! आणि आईंना जिना चढवत नाही, तळमजलाच हवा होता. तुझ्या पांढऱ्यात तळमजला मिळाला, आणखी काय पाहिजे?"

तेव्हा त्याने सांगितलं. सांगताना आपला आवाज बैठकीतल्यासारखा होतोय हे त्याला ऐकू येत होतं. मोजमाप, भराव, नोंदींचा अभाव. पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला.

"म्हणजे पाणी येणार?"

"खात्रीने सांगता येत नाही."

"भुंग्या, सरळ बोल."

"ताई, खरंच सांगता येत नाही."

"बरं," ताई म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "हे तू आणखी कुणाला सांगितलंस?"

"प्रमुखाला. तो कुठे बोलणार नाही."

"मग तूही आत्ता कुठे बोलू नकोस. लिहू नकोस, छापू नकोस. रविवारी ये घरी."

फोन ठेवल्यावर काही वेळ गेला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ताईला घर विकायचं होतं, आणि तोवर नकाशा आहे तसा पांढरा राहायला हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ताईची किळस आली, आणि ती इतकी खरी होती की तो पायरीवरून उठून उभाच राहिला. बैठकीतले ते म्हातारे, जबाबदार लोक जे करतात तेच ती करत होती. धोक्यातून निघायचं आणि मागे कुणाला तरी ठेवून जायचं. पण त्या लोकांना काय, त्यांनी फक्त पैसे हलवले. ताईकडे अर्धं अंग लुळं पडलेली सासू होती आणि आयुष्यभराची सगळी पुंजी त्या तळमजल्यात घातलेली होती. तिला दोष देणं त्याला जमेना. पुढचे दिवस त्याने नकाशाची दुरुस्ती लिहायला घेतली आणि प्रत्येक वेळी वाक्य तसंच झालं. अपुऱ्या माहितीमुळे या भागाबाबत निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. उचित! त्याला त्या शब्दाचा जेवणात निघालेल्या केसासारखा तिटकारा आला. पुसून पुन्हा लिहिलं तर पुन्हा तेच, फक्त उचितच्या जागी योग्य आलं. दुरुस्ती त्याने पाठवली नाही. ताईने सांगितलं होतं ना, असं तो स्वतःला सांगत राहिला, आणि हे सांगणं किती सोयीचं आहे हेही त्याला कळत होतं.

रविवारी तो गेला तेव्हा घरात पाहुणे होते. शाळेत शिकवणारी एक तरुण बाई आणि तिचा नवरा. ताईने भिंतींना नवा रंग दिला होता आणि त्याचा उग्र वास दारातच नाकात शिरला. खाट खिडकीपाशी होती. भाऊजींची आई, जिला तो मावशी म्हणायचा, तिने उशीवरून मान वळवून त्याला पाहिलं. "आला का पावसाचा डॉक्टर," ती म्हणाली. जीभ थोडी अडखळायची, पण थट्टा सुटली नव्हती. भाऊजी खुर्चीच्या कडेवर बसून स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होते. शिक्षिका घरभर फिरत होती, कपाटांची दारं उघडत होती, खिडकीतून हात बाहेर काढून वारा बघत होती. तिच्या वडिलांना जिना चढवत नव्हता. "तळमजला मिळतच नाही हो कुठे," ती म्हणाली. "आम्ही तर आशा सोडली होती." ताईने पाण्याचे ग्लास पुढे केले आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हा माझा भाऊ. बिल्डरच्या ऑफिसात तो नकाशा बघितलात ना, तो यानेच केलाय."

"हो? मग तुम्हालाच विचारते." शिक्षिका त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून तपासायच्या वह्या डोकावत होत्या. "इथे पाणीबिणी भरायची भीती नाही ना?"

ताई ग्लास गोळा करायला लागली, अजून कुणी प्यायलंही नव्हतं. त्याला वाटलं, निदान इथे तरी खरं बोलावं. "इथलं आम्ही अजून मोजलेलंच नाही," तो म्हणाला.

शिक्षिकेचा चेहरा उजळला. "म्हणजे तसं काही आढळलेलं नाही! बरं झालं बाई."

"मोजायची गरजच पडली नसेल," तिचा नवरा म्हणाला.

त्याने दोघांकडे पाहिलं. पुन्हा तेच झालं होतं. तो अक्षरन् अक्षर खरं बोलला होता, आणि ते त्याच्या ओठांतून निघून त्यांच्या कानात पोचेपर्यंत नासलं होतं. लोण्याला दोष देण्यात काय अर्थ होता? इथे तर लोणी नव्हता. इथे एक भली बाई होती, जिला वडिलांसाठी घर हवं होतं, आणि तिला आयतं फसवायला त्याची ही तोलूनमापून बोलणारी, सगळीकडून हात मोकळे ठेवणारी जीभ एकटी पुरेशी होती. त्याला आपल्या जिभेची अशी घाण वाटली, की ती तोंडात एखाद्या परक्या वस्तूसारखी लागायला लागली. खिडकीपाशी मावशी डोळे मिटून पडली होती, पण ऐकत होती, तिच्या पापण्या हलत होत्या.

"घेऊ नका," तो म्हणाला.

"काय?"

"हे घर घेऊ नका." आवाज नको इतका मोठा आला. "तीन बाजूंना पाणी येणार आहे, ते मोजलंय. मधे एवढाच तुकडा कोरडा राहायला इथे काही जादू नाही. इथेही येणार. भरावाची जमीन आहे, खचतेय, म्हणजे जास्तच येणार. तुमच्या वडिलांना इथे आणू नका."

बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं. शिक्षिकेचा नवरा ताईकडे वळला. "तुम्ही तर म्हणालात, बदली झाली म्हणून विकताय."

ताईच्या हातात चार भरलेले ग्लास होते. तिने ते टेबलावर ठेवले, एकेक करून. "त्याचं बरोबरच असेल," ती म्हणाली. "तो अभ्यास करतो. राहायचं आम्हाला आहे."

ती दोघं गेली. दारात शिक्षिकेने त्याला थँक यू म्हटलं, अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून, आणि ते त्याला कुणी अंगावर थुंकावं तसं लागलं. दार लावून ताई तशीच दाराला टेकून उभी राहिली. आता ती ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडावं, असं वाटलं. भाऊजी उठून आत निघून गेले. ताई त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवाही नव्हता. ती हिशेब करताना दिसायची तशी दिसत होती.

"कुठवर?" तिने विचारलं.

"काय?"

"पाणी. आकडा नको सांगूस. खात्रीबित्री पण नको. भिंतीला हात लावून दाखव, कुठवर येईल."

"ताई, असं नसतं ते..."

"दाखव."

तो भिंतीपाशी गेला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. त्याने फरशीपाशी हात टेकवला आणि वर न्यायला लागला. खाटेचा पाय मागे पडला. त्याला तिथेच थांबावंसं वाटलं. एवढ्यावर थांबलो तरी कोण विचारतंय, नोंद कुठे आहे? पण आजवर जे काही तो शिकला होता, चिखलात उभं राहून, सरांच्या हाताखाली आणि सरांच्या नंतर, ते सगळं त्या हाताला वर ढकलत होतं. गादी मागे पडली. उशी मागे पडली. छातीशी येऊन हात थांबला आणि त्याने तळवा भिंतीवर सपाट दाबला. ताईने हाताकडे पाहिलं आणि मग खाटेकडे पाहिलं. मावशीने डोळे उघडले होते आणि तीही खालून, उशीवरून, त्या हाताकडेच बघत होती. तळव्याला ओला रंग थंड लागत होता. त्याला हात काढावासा वाटला, पण ताई अजून बघत होती.